"मला प्राणी आवडतात" याच्या पुढे काय? पशुवैद्यकीय पदवीच्या प्रवेशाची तयारी, पायरी पायरीने

"मला लहानपणापासून प्राणी आवडतात." पशुवैद्यकीय अभ्यासक्रमाच्या अर्जात हे वाक्य इतक्या वेळा येतं की निवड करणाऱ्यांच्या नजरेखालून ते नुसतं सरकून जातं. ते खोटं असतं असं नाही. ज्याला प्राणी आवडत नाहीत तो या वाटेला येतच नाही, म्हणून त्या वाक्यातून काहीच कळत नाही. त्यांना जाणून घ्यायचं असतं ते वेगळं: हे काम नेमकं काय असतं, हे समोरच्या मुलाला किंवा मुलीला ठाऊक आहे का? अडलेल्या गाईचं वासरू फिरवायला खांद्यापर्यंत हात घालून घामाघूम होणं, उपचाराचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्या मालकाशी न चिडता बोलणं, पोल्ट्रीच्या शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या उघडून कारण शोधणं, आणि दिवस संपताना हे सगळं कागदावर नीट उतरवणं. कुत्र्याच्या पिल्लाला कुरवाळणं या दिवसात बसतं, पण फारच थोडं.

तयारीचा क्रम उलटा लावावा, असं माझं मत आहे. आधी प्रवेशाचं दार कोणतं ते पाहायचं, आणि तिथून मागे मागे येत आज काय करायचं ते ठरवायचं. बहुतेक जण पुढून सुरुवात करतात: अभ्यास करू, मग बघू. त्यात एखादी तारीख किंवा एखादा विषय हुकतो आणि वर्ष जातं.

पहिली पायरी: दार ओळखा

प्रवेशाची पद्धत देशागणिक इतकी बदलते की एका ठिकाणचा उत्तम सल्ला दुसरीकडे कुचकामी ठरतो. ढोबळ मानाने तीन प्रकारची दारं आहेत.

पहिलं दार गुणांचं. भारत या प्रकारात मोडतो. इथे पदवीचं नाव बीव्हीएससी अँड एएच, कालावधी साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं. मान्यताप्राप्त महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद, म्हणजे व्हीसीआय, 'नीट'च्या गुणांवर अखिल भारतीय कोट्यातून भरते. उरलेल्या जागांचे नियम त्या त्या राज्याचे. महाराष्ट्र 'नीट'चेच गुण धरतो, कर्नाटक स्वतःची सीईटी घेतो, तामिळनाडू बारावीच्या गुणांवर यादी लावतो. या दारात मुलाखत नसते, शिफारसपत्र नसतं, तुम्ही किती गोठे पाहिलेत हे कुणी विचारत नाही. गुणवत्ता यादीत नाव कुठे आहे, एवढंच.

दुसरं दार शाळेनंतर लगेच उघडतं, पण गुणांबरोबर माणूसही तपासतं. ब्रिटन हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी पाच वर्षांचा, केंब्रिजला सहा. अर्ज यूकास या सामायिक यंत्रणेतून जातो, आणि इतर बहुतेक विषयांना जानेवारीपर्यंत मुदत असली तरी पशुवैद्यकासाठी ती १५ ऑक्टोबरलाच संपते. पाच पसंतींपैकी जास्तीत जास्त चार पशुवैद्यकाच्या देता येतात, पाचवी दुसऱ्या विषयाची. ही पाचवी जागा वाया घालवू नका. प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र असं काहीतरी तिथे टाका.

तिसरं दार पदवीच्या पातळीवरचं, अमेरिका आणि कॅनडाचं. तिथे आधी काही वर्षं महाविद्यालयात ठरावीक विषय पुरे करायचे आणि मग चार वर्षांच्या डीव्हीएम या पशुवैद्यकीय पदवीसाठी अर्ज करायचा. अमेरिकेतली बहुसंख्य महाविद्यालयं व्हीएमकॅस या एकाच अर्जयंत्रणेतून अर्ज घेतात. मुदत साधारण सप्टेंबरच्या मध्यावर संपते आणि प्रवेश पुढच्या वर्षीचा असतो. म्हणजे अर्ज भरल्यापासून वर्गात बसेपर्यंत जवळजवळ वर्ष जातं.

काही देशांत जागाच मोजक्या. जर्मनीत पशुवैद्यकशास्त्र पाचच ठिकाणी शिकवतात (बर्लिन, हॅनोव्हर, गीसेन, लाइपझिग, म्युनिक) आणि तेही जर्मन भाषेत. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला एकच विद्याशाखा आहे. तिकडे डोळा असेल तर तयारीची पहिली पायरी म्हणजे भाषेचा वर्ग.

दार ठरलं की एक मोठा कागद घ्या. डावीकडे महाविद्यालयांची नावं, वर रकाने: लागणारे विषय, किमान गुण, परीक्षा, अनुभवाची अट, शिफारसपत्रं, कागदपत्रं, शेवटची तारीख. माहिती फक्त महाविद्यालयाच्या किंवा परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावरून आणि चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतून भरा. सापडलेल्या पीडीएफवर वर्ष कोणतं छापलंय, हे आधी बघा. गेल्या वर्षीचे नियम पाठ करून बसलेले आणि ऐनवेळी दचकलेले उमेदवार दर वर्षी असतात.

दुसरी पायरी: विषय आणि गुण

इथे फार पाल्हाळ नको. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र जवळपास सगळीकडे लागतं. भारतात बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, आणि खुल्या गटासाठी या विषयांत मिळून किमान ५० टक्के. 'नीट' ७२० गुणांची. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. त्यातले ९० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, जीवशास्त्राचे. त्यामुळे अनेक जण जीवशास्त्रावरच बसतात. पण जीवशास्त्रात सगळेच बऱ्यापैकी गुण काढतात, आणि यादीत वरखाली होतं ते भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रावर. मी तर सांगेन, रोज सकाळचा ताजा तास भौतिकशास्त्राला द्या.

अमेरिकी पद्धतीत सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र हे नेहमीचे मागितले जाणारे विषय. मात्र प्रत्येक महाविद्यालयाची यादी थोडी वेगळी. कुणी सूक्ष्मजीवशास्त्र मागतं, कुणी पशुपोषण, कुणी प्रयोगशाळेसह शिकलेलाच विषय धरतं. म्हणून तो मोठा कागद. तीन महाविद्यालयांच्या याद्या शेजारी ठेवल्या की कोणता एक विषय घेतल्याने तिन्ही दारं उघडी राहतात ते लगेच दिसतं.

तिसरी पायरी: जनावरांच्या जवळ जा

दुसऱ्या आणि तिसऱ्या दारासाठी ही पायरी सक्तीचीच समजा. पहिल्या दारासाठी कुणी मागत नाही, तरीही करा असा माझा आग्रह आहे. कारण साधं आहे. गुणांवर जागा मिळते आणि मग साडेपाच वर्षं काढायची असतात. शरीररचनेच्या वर्गात फॉर्मॅलिनचा वास नाकात बसल्यावर, किंवा पहिल्यांदा गुदमार्गातून हात घालून गाभण तपासणी करताना "हे आपल्याला जमणार नाही" असं कळणं फार महाग पडतं. तेच एखाद्या दवाखान्यात चार दिवस उभं राहून आधीच कळलेलं बरं.

सुरुवात कशी करायची? जवळच्या पशुवैद्यकाकडे स्वतः जा, दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर. "एक महिना येऊ का?" असं विचारू नका, दडपण येतं. "एक दिवस कोपऱ्यात उभं राहून बघू का? मध्ये बोलणार नाही, सांगाल ते काम करेन," असं विचारा. नकार मिळाला तर धन्यवाद म्हणून दुसरीकडे जा. विम्याची, जागेची, आधीच्या कुणाच्या वाईट अनुभवाची कारणं असतात. तो नकार तुम्हाला नसतो. एक दिवस नीट वागलात तर दुसऱ्या दिवसाचं आमंत्रण बहुधा तिकडूनच येतं.

पहिल्या दिवसाची तयारी: पुढून बंद असलेले बूट, कापलेली नखं, बांधलेले केस, अंगठ्या आणि लोंबती कानातली घरी. पोटात काहीतरी घालून जा. पहिली शस्त्रक्रिया पाहताना अनेकांना भोवळ येते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली की कुणाला न विचारता सरळ जमिनीवर बसा, कारण उभ्याने टेबलावर पडलेला माणूस जास्त नुकसान करतो. फोन खिशात. रुग्णाचे, मालकाचे, जखमेचे फोटो काढायचे नाहीत. सांगितल्याशिवाय कुठल्याही जनावराला हात लावायचा नाही. आणि उभं कुठे राहायचं ते आधी विचारून घ्या: गाय पाय पुढे घेऊन बाजूने लाथ फिरवते, घोडा सरळ मागे झाडतो. एकाजवळची सुरक्षित जागा दुसऱ्याजवळ सुरक्षित नसते.

पाहायचं काय? नवख्याचं सगळं लक्ष शस्त्रक्रियेकडे असतं. मी म्हणेन, डॉक्टर प्रश्न कसे विचारतात ते ऐका. "कधीपासून खात नाही?" "पाणी पितो का?" "शेण कसं आहे?" "गोठ्यात अजून कुणाला असं झालंय?" "चारा बदलला का?" रुग्ण बोलत नाही, मालक बोलतो, आणि मालक अनेकदा नको तेच आधी सांगतो. त्या बोलण्यातून कामाची गोष्ट वेचून काढणं हे अर्धं पशुवैद्यक. पुढे मुलाखतीत "संवादकौशल्याचं उदाहरण द्या" असं विचारतील तेव्हा याच प्रश्नांतलं एखादं आठवेल.

एकाच प्रकारच्या ठिकाणी अडकू नका. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात दोनशे तास घालवणाऱ्यापेक्षा तिथे शंभर, दूध उत्पादकाच्या गोठ्यावर पन्नास, पोल्ट्रीत किंवा तबेल्यात वीस आणि रोगनिदान प्रयोगशाळेत दहा तास घालवणाऱ्याकडे सांगायला जास्त असतं. (हे आकडे नमुन्याचे आहेत, अट म्हणून घेऊ नका.) शक्य झालं तर कत्तलखान्यातली मांस तपासणी पाहा. अनेकांना ही सूचना आवडत नाही. पण जनावरापासून माणसाला होणारे आजार ताटात येण्याआधी रोखणं, हे जगभर पशुवैद्यकांच्या हातात असलेलं काम आहे, आणि ते स्वतः पाहिलेला उमेदवार विरळा.

व्हीएमकॅसच्या अर्जात एक भेद पाळावा लागतो. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली केलेलं काम वेगळ्या सदरात, आणि प्राण्यांसोबतचं बाकीचं काम (गोठ्यावरची मदत, निवारा केंद्रातली स्वयंसेवा, घोड्यांची निगा) वेगळ्या सदरात. संशोधनाचं सदर आणखी निराळं. घरच्या कुत्र्याला रोज फिरवणं यातल्या कशातही धरू नका.

चौथी पायरी: नोंदवही

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. साधी वही, रोज रात्री दहा मिनिटं. तारीख, ठिकाण, तास, कुणाच्या देखरेखीखाली, काय पाहिलं, काय कळलं नाही. मालकाचं नाव लिहायचं नाही. दोन वर्षांनी अर्ज भरताना तासांचा हिशोब आठवत नाही आणि मग आकडे अंदाजाने फुगतात. फुगवलेला आकडा मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडा पडतो.

नोंद कशी असावी, एक नमुना देतो:

"गाय, चौथं वेत, विऊन दुसरा दिवस. सकाळपासून उठत नाही. मान वळवून बरगडीवर टेकवलेली, कान गार. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, अगदी हळू, मध्ये मध्ये हृदयाचे ठोके ऐकत. थोड्या वेळाने ढेकर दिली, मग उठली. प्रश्न: इतकं हळू का? तोंडाने का पाजलं नाही?"

आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली: "कॅल्शियम भराभर गेलं तर हृदय बंद पडू शकतं. अशी गाय नीट गिळू शकत नाही, पाजलेलं फुप्फुसात जाईल. व्याल्यावर दूध उतरताना रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं, म्हणून हा आजार विण्याच्या आसपासच दिसतो."

एवढ्या एका नोंदीत निरीक्षण आहे, न कळल्याची कबुली आहे आणि उत्तर शोधायची धडपड आहे. अर्जात जे "दिसायला हवं" म्हणतात ते हेच. अशा चाळीस नोंदी असल्या की अर्जातलं स्वतःबद्दलचं निवेदन लिहायला बसल्यावर कोऱ्या कागदाकडे बघत बसावं लागत नाही.

पाचवी पायरी: शिफारसपत्रं

व्हीएमकॅसमध्ये किमान तीन शिफारसपत्रं लागतात, आणि त्यातलं एक पशुवैद्यकाचं हवं अशी अट अनेक महाविद्यालयं घालतात. ब्रिटनमध्ये शाळेचा संदर्भ जातो. पत्र कुणाकडून घ्यायचं? ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय त्याच्याकडून. मोठ्या पदावरच्या ओळखीच्या माणसाचं चार ओळींचं गुळगुळीत पत्र काहीच कामाचं नसतं. त्यापेक्षा "हा मुलगा सहा महिने दर शनिवारी वेळेवर आला, पिंजरे धुतले, आणि एकदा चुकीचं औषध काढल्यावर स्वतः येऊन सांगितलं" असं लिहिणारा छोट्या दवाखान्यातला डॉक्टर शंभर पटींनी चांगला.

मुदतीच्या दोन महिने आधी विचारा, आणि विचारताना पळवाट ठेवा: "तुम्हाला माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल का? नसेल तर अजिबात संकोच करू नका." होकार आला की नोंदवहीतल्या ठळक गोष्टींचं एक पान त्यांच्या हाती द्या. मुदतीच्या दहा दिवस आधी एकदा नम्रपणे आठवण करा. डॉक्टर विसराळू असतात असं नाही, पण रात्री दोन वाजता अडलेली म्हैस सोडवून आलेल्या माणसाच्या डोक्यात तुमचं पत्र नसतं.

सहावी पायरी: निवेदन

ब्रिटनमध्ये २०२६ च्या प्रवेशापासून जुनं सलग निवेदन जाऊन तीन प्रश्न आले आहेत: हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर तयारीसाठी काय केलं व ते उपयोगी का. तिन्हींची मिळून मर्यादा ४,००० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. अमेरिकेत व्हीएमकॅसचा स्वतःचा निबंध असतो आणि अनेक महाविद्यालयांचे वेगळे प्रश्नही.

लिहिताना एकच कसोटी लावा: हे वाक्य दुसऱ्या उमेदवाराच्या अर्जात जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर खोडा.

"पशुवैद्यकाकडे काम करताना मला संघभावनेचं महत्त्व समजलं." हे कुठेही चालेल.

"भूल दिलेल्या मांजरीचा श्वास मोजायचं काम माझ्याकडे होतं. श्वास मंदावलाय असं वाटलं, पण खात्री नव्हती. तरी मी बोललो. नर्सने तपासून भुलेचं प्रमाण कमी केलं. शंका असताना गप्प न बसणं हे त्या टेबलाभोवती कौशल्यच मानतात, हे मला तेव्हा कळलं." हे एकाच माणसाचं आहे.

मेलेल्या लाडक्या कुत्र्याच्या आठवणीने सुरुवात करायचा मोह आवरा. दुःख खरं असतं, पण त्यातून तुम्ही मालक म्हणून कसे होता ते दिसतं, डॉक्टर म्हणून कसे असाल ते नाही. त्याच प्रसंगात डॉक्टरांनी तुमच्या घरच्यांशी कसं बोलणं केलं हे तुमच्या लक्षात राहिलं असेल, तर मात्र ते अवश्य लिहा.

सातवी पायरी: मुलाखत

आता अनेक ठिकाणी एका मोठ्या मुलाखतीऐवजी छोट्या छोट्या मुलाखतींची साखळी असते, तिला एमएमआय म्हणतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय प्रवेशासाठी ती सुरू केली आणि मग पशुवैद्यकानेही उचलली. खोलीबाहेर किंवा टेबलावर प्रसंग लिहिलेला असतो, वाचायला थोडा वेळ, बोलायला काही मिनिटं, घंटा वाजली की पुढचं टेबल. एका टेबलावर फजिती झाली तरी पुढचा परीक्षक नवा असतो, त्याला काही माहीत नसतं. हे लक्षात ठेवलं तरी अर्धी धास्ती कमी होते.

काही टेबलांवर साधं गणित असतं. कुत्र्याचं वजन १८ किलो, औषधाची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम, बाटलीत दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम औषध. किती मिलिलिटर द्याल? १८ गुणिले ५ म्हणजे ९० मिलिग्रॅम, भागिले ५०, उत्तर १.८ मिलिलिटर. उत्तर आलं की थांबून म्हणा, "अठरा किलोच्या कुत्र्याला दोन मिलिलिटरच्या आत, हे पटण्यासारखं आहे." दशांश चिन्ह एक घर सरकलं तर जनावर दगावू शकतं, म्हणून उत्तर पडताळण्याची सवय असलेला उमेदवार त्यांना हवा असतो. घरी कॅल्क्युलेटरशिवाय रोज अशी पाच गणितं करा.

दुसरी टेबलं नैतिक पेचाची. नेहमीचा प्रसंग: मालक धडधाकट तरुण कुत्रा घेऊन येतो आणि म्हणतो, याला कायमचं झोपवा. तुम्ही काय कराल?

इथे दोन चुका होतात. एक, "मी कधीच तसं करणार नाही" असा बाणा. दुसरी, "मालकाची इच्छा" म्हणून मोकळं होणं. परीक्षकाला निर्णयापेक्षा तुम्ही तिथवर कसे पोहोचता ते पाहायचं असतं. आधी विचारा, का? कुत्रा चावलाय का, घरात तान्हं मूल आहे का, मालक घर सोडतोय का, की तो स्वतःच हतबल झालाय? मग पर्याय मांडा: वर्तनतज्ज्ञ, प्रशिक्षण, दुसरं घर, निवारा केंद्र. मग कायदा काय म्हणतो आणि वरिष्ठांशी बोलायची गरज कुठे आहे ते सांगा. दुसरीकडे, खरंच धोकादायक कुत्रा दुसऱ्याच्या घरी धाडणं हाही निर्णयच आहे, त्याची जबाबदारी कुणाची? हे सगळं मोठ्याने, शांतपणे बोलता यायला हवं. आणि शेवटी एका बाजूला उभं राहता यायला हवं. "हे अवघड आहे" एवढंच म्हणून थांबलात तर उत्तर अपुरं राहतं.

चालू विषयांपैकी चारपाच तरी नीट माहीत हवेत. जनावरांतला प्रतिजैविकांचा वापर आणि त्यातून वाढणारी जिवाणूंची दाद न देण्याची ताकद. चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासाचा त्रास, आणि दिसण्यासाठी केलेल्या पैदाशीचा प्रश्न. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहायचा 'वन हेल्थ' विचार. रेबीज. आणि इतिहासातली एक गोष्ट मी आवर्जून वाचायला सांगतो: बुळकांडी. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा फ्रान्समधल्या लिओं शहरात १७६१ साली स्थापन झाली, ती मुख्यतः या गुरांच्या साथीमुळेच. आणि २०११ साली हाच रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. लस, गावोगावची पाहणी आणि जनावर पाळणाऱ्यांचा सहभाग यांतून ते कसं जमलं, हे चार वाक्यांत सांगता आलं तर पशुवैद्यकाचं काम दवाखान्याच्या चार भिंतींत मावत नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सराव आरशासमोर करू नका. ज्यांना या विषयातलं काही कळत नाही अशा घरच्या माणसासमोर करा. त्यांना कंटाळा आला की तुमचं उत्तर लांबलंय.

आठवी पायरी: यादी आणि मान्यता

परदेशी महाविद्यालय निवडताना इमारत, शुल्क आणि शहर यांच्या आधी मान्यता बघा. ती अमेरिकेत एव्हीएमए ही संस्था देते, ब्रिटनमध्ये आरसीव्हीएस, भारतात व्हीसीआय. ज्या देशात काम करायचं आहे तिथली परिषद ती पदवी मानते का, हा खरा प्रश्न. अमेरिकेत एव्हीएमएची मान्यता नसलेल्या परदेशी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्याला ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह यांपैकी एक लांबलचक पडताळणी पार करावी लागते, शिवाय परवान्यासाठी नॅव्हली ही परीक्षा आहेच. "आमच्याकडे थेट प्रवेश" म्हणणाऱ्या एजंटाला पहिला प्रश्न हाच विचारा, आणि उत्तर लेखी मागा. उत्तर टाळलं गेलं तर तेच तुमचं उत्तर.

नववी पायरी: गुणांच्या दारातल्या फेऱ्या

'नीट'चा निकाल लागला म्हणजे अर्ज झाला, असं समजणारे दर वर्षी फसतात. एमबीबीएसच्या समुपदेशनात, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्यांत, नाव नोंदवलं तरी पशुवैद्यकाचं आपोआप नोंदलं जात नाही. व्हीसीआयच्या १५ टक्क्यांसाठी वेगळी नोंदणी, राज्याच्या जागांसाठी वेगळी. दोन्ही भरा.

पसंतीक्रम भरताना हिशोबीपणा नको. "तिथे मिळणार नाही" म्हणून आवडतं महाविद्यालय खाली ढकलायचं कारण नाही. यादी वरून खाली पाहिली जाते, त्यामुळे आवडीचाच क्रम लावा आणि यादी लांब ठेवा. जागा मिळाल्यावर ती पक्की करायची, पुढच्या फेरीसाठी थांबायचं की सोडायची, याचे नियम फेरीगणिक बदलतात. अनामत रक्कम इथेच जप्त होते, म्हणून ती ओळ दोनदा वाचा. जातीचे, रहिवासाचे दाखले परीक्षेआधीच काढून ठेवा. शेवटच्या आठवड्यात कार्यालयासमोर रांगा लागतात. वरच्या फेऱ्यांत एमबीबीएस आणि बीडीएसकडे वळलेल्यांच्या जागा नंतर रिकाम्या होतात, त्यामुळे पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून संकेतस्थळ बघायचं सोडू नका.

नाही मिळाला तर

पहिल्या खेपेला नकार येणं फार सामान्य आहे. काही महाविद्यालयं विचारल्यावर कुठे कमी पडलात ते सांगतात, म्हणून ई-मेल पाठवून विचाराच. पुढच्या वर्षी तोच अर्ज नुसती तारीख बदलून पाठवण्यात अर्थ नाही. गुण कमी असतील तर गुण, अनुभव एकांगी असेल तर अनुभव, मुलाखत ढेपाळली असेल तर बोलणं: यातलं काय बदलणार ते आधी ठरवा. मधल्या वर्षात दवाखान्यात किंवा गोठ्यावर पगारी काम मिळालं तर सोन्याहून पिवळं. पशुविज्ञान, दुग्धतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन नंतर पदवीधरांसाठीच्या अभ्यासक्रमाला जायची वाट काही देशांत खुली आहे. लांबची आहे, पण आडवाट नाही.

मिळाला तर

वर्ग सुरू होण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची प्रतिबंधक लस आणि धनुर्वाताची मात्रा घ्या. चावल्यानंतरची इंजेक्शनं वेगळी, ही आधीची. आधी घेतली असली तरी चावल्यावर पुन्हा दाखवावंच लागतं, पण उपचार सोपा होतो. लसीची कार्डं जपून ठेवा, महाविद्यालय मागतं. मग सामान: दोन पांढरे अॅप्रन, मागे-पुढे नाव लिहिलेले, कारण ते हरवतात. गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट, नेहमीपेक्षा अर्धा क्रमांक मोठे, म्हणजे आत जाड मोजे मावतात आणि चिखलात रुतले तर पाय पटकन बाहेर निघतो. आणि ती जुनी नोंदवही सोबत न्या. तिच्यात न सुटलेले प्रश्न अजून बरेच असतील.